रोबोट की दुर्बीण? आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी आणि नंतर या चुका टाळा

मोठेबाबांना आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा पारावर पहिला प्रश्न आला, "काऊन जी, रोबोटनं कराचं का दुर्बिणीनं?" चुलतभाऊ तर रोबोटसाठी दोन एकर विकायला निघाला होता. गाठ नेमकी कुठं आहे, हे मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

चूक तिथंच झाली. आधी जागा विचारा. गाठ वरच्या मोठ्या आतड्यात असेल तर फार घोळ नाही. 2004 साली अमेरिकेत 872 रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. पोट फाडून करा की दुर्बिणीनं, कॅन्सर उलटण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. दुर्बिणीत दुखणं कमी आणि माणूस लवकर घरी, एवढा फरक.

गुदाशयाची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची, गोष्ट वेगळी. तिथं कंबरेच्या हाडांची बोळ अरुंद, पुरुषांत तर आणखीच, आणि लघवीच्या नसा चिकटून. गाठीभोवतीचं चरबीचं वेष्टन न फाटता अख्खं निघायला हवं, हे इंग्लंडच्या सर्जन बिल हील्ड यांनी 1982 साली मांडलं. अवजार कोणतंही असो, काम हेच. म्हणून आधी एमआरआय. गाठ पुढे सरकलेली असेल तर बऱ्याचदा आधी शेक (रेडिएशन) आणि किमो, मग ऑपरेशन.

रोबोट स्वतः काही कापत नाही. सर्जन बाजूला बसून त्याचे हात चालवतो. 2017 च्या 471 रुग्णांच्या चाचणीत दुर्बिणीच्या गटात शंभरात 12 जणांचं पोट शेवटी उघडावं लागलं, रोबोटच्या गटात 8 जणांचं. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असं हिशेब सांगत होता. पुढे चीनमधल्या मोठ्या चाचणीत मधल्या-खालच्या गुदाशयासाठी रोबोटचं पारडं जड निघालं, पण तिथले सर्जन त्यात मुरलेले होते. त्यामुळं लाजू नका. "साहेब, असं ऑपरेशन तुम्ही किती केलं?" असं सरळ विचारा. महात्मा जोतिराव फुले योजनेत कोणती पद्धत बसते, तेही भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राला विचारून घ्या. सातबारा नंतर काढा.

मोठेबाबांचं पोट दुर्बिणीचं ऑपरेशन चालू असताना मध्येच उघडावं लागलं. बाहेर येऊन सर्जननं सांगितलं तर आम्ही फुगून बसलो, "फाडलंच ना शेवटी!" आतली गुंतागुंत पाहून वेळेवर पद्धत बदलणं हा जाणता निर्णय असतो, हे डोक्यात शिरायला आठवडा गेला. आणि दुर्बिणीतही गाठ बाहेर काढायला पाच-सहा सेंटीमीटरचा छेद लागतोच. भोकाभोकातून सगळं निघत नाही.

त्याहून मोठी चूक वर्षभर आधीची. शौचावाटे रक्त पडतंय म्हणजे मूळव्याध, असं ठरवून वैदूची पुडी चालली. कुणी बोट घालून तपासलंच नाही. खालच्या गुदाशयातली गाठ कित्येकदा बोटालाच लागते.

घरी आल्यावर टाके लहान दिसतात आणि माणूस विसरतो. शेजारच्या गावच्या एकानं तिसऱ्या आठवड्यात फवारणीचा 16 लिटरचा पंप पाठीवर घेतला. भरल्यावर तो वीस किलोच्या आसपास जातो. छेदाच्या जागी आता हर्नियाचा फुगा आहे. किमान सहा आठवडे वजन नको. पोट फुगलं, ताप आला, छाती धडधडली तर "गॅस असंल" म्हणू नका. आतड्याची आतली जोडणी गळत असू शकते, त्याच रात्री गाडी काढा.

आमची लाजिरवाणी चूक रिपोर्टची. काढलेल्या आतड्याचा रिपोर्ट तयार होता, इकडं कापूस वेचणीला आलेला. तीन आठवडे कुणी आणायलाच गेलं नाही. किमो लागणार का, हे त्या कागदावर ठरतं. त्यात आतड्याभोवतीच्या किती लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) तपासल्या ते पहा, किमान 12 असाव्यात. किमो द्यायचीच असेल तर साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी.

पोटावर शौचाची पिशवी बसवली असेल आणि ती लहान आतड्याची असेल, तर विदर्भाचा मे महिना वैरी समजा. शौच पाण्यासारखं पातळ होऊन बाहेर जातं, पारा 45 वर असतो, आणि घामानं पिशवीचा चिकट भाग सुटतो. मोठेबाबा नुसतं माठातलं पाणी पीत राहिले. त्यानं भागत नाही, मीठही जातं. ओआरएसची पाकिटं घरात ठेवा, पिशवी रिकामी करताना किती निघालं ते मापाच्या डब्यात बघा. दिवसाला दोन लिटरच्या आसपास जाऊ लागलं, लघवी पिवळीधम्मक झाली, पायात गोळे आले की दवाखाना गाठा. आमच्या घरी तो डबा अजून मोरीत आहे, वर मार्करनं ओढलेल्या रेघांसकट.