कोकणातलं घर झॉम्बींपासून बंदिस्त करताय? या चुका टाळा

झॉम्बींचा विषय काढला की कोकणातला माणूस आधी हसतो. वेशीवर राखणदार बसलाय, त्याचा नारळ-कोंबडा वेळच्या वेळी पोचतोय, मग बाहेरगावची भुतं आत येतीलच कशी? राखणदाराबद्दल मला शंका नाही. पण अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०११ साली झॉम्बी आले तर काय तयारी हवी, याच्या सूचना खरोखरच काढल्या होत्या. त्या निमित्ताने लोक वादळ-पुराची तयारी करतील, हा हेतू. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा लागलेलं सामान आणि झॉम्बींसाठी लागणारं सामान यांत फारसा फरक नाही.

घोळ होतो तो व्हिडिओ बघून काम करण्यात. ते व्हिडिओ लाकडी सांगाड्याच्या घरांचे असतात. आपलं घर चिऱ्याचं, कौलारू, आणि वर्षभर खारा वारा खाणारं.

फळ्या आतून ठोकणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि हमखास होणारी. बाहेर जायची भीती वाटते म्हणून माणूस घरात उभा राहून चौकटीवर फळ्या ठोकतो. आता बाहेरून दहा जण रेटा देतायत असं समजा. रेटा आतल्या दिशेने, खिळाही आतल्या दिशेनेच निघणारा. खिळा आडवा भार चांगला पेलतो, पण सरळ उपसला जाताना लवकर हार मानतो. तीच फळी बाहेरून लावलीत तर प्रत्येक धक्का तिला चौकटीवर आणखी दाबून बसवतो. खिडकी आतूनच बंद करायची वेळ आली तर खिळे विसरा. चौकटीतून आरपार बोल्ट घाला, दोन्हीकडे जाड वॉशर लावा.

दारासाठी नवीन काही शोधायची गरजच नाही. जुन्या घरात अडसर असायचा: भिंतीतल्या भोकातून सरकत येऊन दारामागे आडवा बसणारा वासा. त्याचा सगळा भार भिंतीवर जातो, बिजागऱ्यांवर नाही. घर दुरुस्त करताना ती भोकं सिमेंटने बुजवून वर चकचकीत लॅच बसवणाऱ्यांना काय म्हणावं! भोकं परत मोकळी करा. अडसर सागाचा किंवा ऐनाचा घ्या. पावसाळ्यात तो फुगून अडकत असेल तर रंधा मारून बोटभर सैल करा. घट्ट बसणारा अडसर ऐन वेळी हलत नाही.

चिऱ्यात फास्टनर मारणं

काँक्रीटमध्ये जो फास्टनर, म्हणजे भोकात फुगून बसणारा बोल्ट, दगडासारखा बसतो तोच चिऱ्यात, म्हणजे जांभ्यात, गोल गोल फिरत राहतो. जांभा सच्छिद्र, ड्रिल हॅमरवर ठेवून मारलं की कडा ढासळतात आणि दहा मिलिमीटरचं भोक चौदाचं होतं. वर गिलावा असेल तर हे दिसतही नाही, पट्टी लोंबायला लागते तेव्हा कळतं. हॅमर बंद करून भोक पाडा. जिथे खरा भार येणार तिथे बोल्ट भिंतीच्या आरपार काढून पलीकडे लोखंडी पट्टी द्या, नाहीतर सळई सिमेंटमध्ये गाडून चांगले आठ-दहा दिवस पाणी मारा. झॉम्बी तेवढे थांबत नाहीत, म्हणून हे काम आधीचं.

गज शाबूत आहेत असं धरून चालणं

खिडकीच्या गजावर दोन रंगांचे थर असतात, बघून समाधान वाटतं. गज खालच्या चौकटीत जिथे शिरतो तिथे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. पावसाचं पाणी तिथेच साचतं. रंगाची पापुद्री निघते, खाली लालसर भुगा, आणि बोटाएवढा गज आत पेन्सिलीएवढा उरलेला असतो. समुद्राजवळ साधे खिळे वापरूच नका, जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले घ्या. स्टेनलेस घ्यायचं तर ३०४ ग्रेडवरही किनाऱ्याला डाग आणि खड्डे पडतात, ३१६ ग्रेड टिकतं. महाग आहे, तेव्हा फक्त कडी-कोयंडे आणि बोल्ट त्याचे.

प्लायवूडचं तसंच. स्वस्तातला एमआर प्लाय, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, एका पावसात पदर सोडतो. आयएस ७१० चा छाप असलेला मरीन प्लाय मागा. सुरूचे वासे स्वस्त नि मुबलक, पण जमिनीत पुरलेत की वाळवीला आमंत्रण. दगडावर टेकवून उभे करा.

छपराकडे न बघणं

दारं-खिडक्या किल्ल्यासारख्या करायच्या आणि पडवीची पागोळी हाताला लागते हे विसरायचं! मंगलोरी कौलं रिपांवर नुसती टेकलेली असतात. माकडं दरवर्षी ती सरकवतात, मग झॉम्बीने काय घोडं मारलंय? पडवी वाचवायच्या भानगडीत पडू नका. पडवी सोडून द्या आणि माजघराचं दार हीच खरी हद्द धरा. तिथे मात्र वर माळ्यावर फळ्या आहेत ना, हे पाहून घ्या.

सगळंच बंद करणं

फटी बुजवून आत चूल, सिगडी किंवा जनरेटर लावणाऱ्याला झॉम्बींची गरज नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. धुराड्याची वाट उघडी ठेवा. जनरेटर घराबाहेर, नाहीतर नकोच.

विहीर तर आवारात, म्हणजे दोर-कळशी घेऊन बाहेर जाणं आलंच. पिंप आधीच भरा आणि विहिरीवर लोखंडी जाळी टाका. कित्येक जुन्या विहिरींना कठडा गुडघ्याएवढा. एक जण आत पडला की पाणी गेलं, मग टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कितीही टाका. खाडीकाठच्या मंडळींनी पाण्याच्या बाजूला भिंत नको असं समजू नये. भरतीला जिथे होडी लागते तिथेच सहा तासांनी पायवाट असते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही तेवढीच लांब जाते.

हत्यारांत एकच सांगणं: लाईट नाही असं धरून यादी करा. पहिल्या वळवाला जाणारी लाईट झॉम्बींच्या धाडीत टिकेल होय? गिरमिट, हातकरवत, पहार, पाने, जाड तार नि पक्कड. कोयता घरात असतोच.

मागचं दार आतून, अंधारात, एका हाताने उघडता आलं पाहिजे. त्याला कुलूप लावणारच असाल तर किल्ली शेजारच्या खुंटीला दोरीने बांधा. आणि कुलपात खोबरेल सोडू नका, थंडीत गोठतं, पुढे चिकटा धरतं. शिलाई मशीनचं तेल घाला.