आठ बारच्या लूपमधून बाहेर कसं पडलो

सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या सिंथेसायझरवर, नॉब फिरवत बसलं की भन्नाट आवाज सापडायचे, पण ट्रॅक काही आठ बारच्या (चार-चार ठोक्यांच्या आवर्तनांच्या) पुढे सरकायचा नाही. उलट आधी कागदावर इंट्रो (सुरुवात), ब्रेकडाउन (ठेका थांबून सगळं विरळ होतं तो भाग), ड्रॉप (ठेका जोरात परततो ती जागा) आखून बसलो की सगळं जागच्या जागी, पण बेचव.

हा पेच जुनाच. 1948 मध्ये पॅरिसच्या रेडिओवर फ्रेंच संगीतकार पिएर शेफर रेकॉर्ड केलेले आवाज उलटसुलट वाजवून, त्यांचा वेग बदलून, कान म्हणेल तसं रचत होते. पन्नाशीच्या दशकात जर्मनीतल्या कोलोनच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्टुडिओत मात्र सूर, लांबी, तीव्रता सगळं आधी आकड्यांत मांडलं जाई.

मी खेळ आणि आखणी या दोन्ही कामांच्या वेळाच वेगळ्या केल्या. पहिल्या बैठकीत फक्त खेळ, रेकॉर्डिंग सतत चालू, तेही ऑडिओत. मिडी (आवाज नव्हे, फक्त कोणते सूर कधी वाजले याची नोंद) ठेवलं की मी आवाजच बदलत बसतो. एकदा डिलेचा (प्रतिध्वनी देणाऱ्या इफेक्टचा) फीडबॅक, म्हणजे आवाज पुन्हा आत सोडण्याचं प्रमाण, शंभर टक्क्यांच्या वर गेला, प्रतिध्वनी विरण्याऐवजी फुगत गेला. घाईने उंच सूर कापणारा फिल्टर खाली ओढला तेव्हा जो घोगरा घुमारा राहिला, तोच पुढे ट्रॅकचा ब्रेकडाउन झाला. ठरवून तो मला कधीच सुचला नसता.

दुसऱ्या दिवशी सिंथ बंद. रेकॉर्डिंग ऐकत मार्कर टाकायचे, कामाचे तुकडे कापायचे आणि टाइमलाइनवर रिकामे चौकोन आखायचे. 120 बीपीएमला (मिनिटाला 120 ठोके) सोळा बार म्हणजे 32 सेकंद. तेवढ्यात काहीच बदललं नाही तर मला कंटाळा येतो, म्हणून प्रत्येक चौकोनात एक तरी गोष्ट येते किंवा जाते. नवा आवाज हवाच असेल तर तो पुढच्या खेळाच्या बैठकीत.