मुलींना बोलतं करताना

दरवर्षी ३ जानेवारीला आमच्या सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत जा, भाषणाची सुरुवात ठरलेली असते. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग…’ आणि लगेच, ‘सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला.’ मुली हे एका दमात म्हणतात, टाळ्या पडतात, त्या खाली उतरतात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मी माण तालुक्यात अकरावी-बारावीच्या मुलींना शिकवते. पहिल्या वर्षी मीही हेच केलं. अकरावीतल्या एका मुलीला दोन पानी भाषण लिहून दिलं, पंधरा दिवस घोटून घेतलं. स्टेजवर चौथ्या वाक्याला ती अडली. मागच्या रांगेतून मुलं हसली. ती खाली आली आणि त्यानंतर बारावी संपेपर्यंत वर्गातसुद्धा हात वर केला नाही. भाषण मी लिहिलेलं होतं, त्यातलं एकही वाक्य तिचं नव्हतं. मग अडल्यावर तिला दुसरं सुचणार कुठून? हे मला फार उशिरा कळलं आणि त्याचं वाईट आजही वाटतं. तुम्ही हे काम नव्याने हाती घेणार असाल तर एवढी चूक तरी टाळा.

आता आमची सुरुवात मैदानावर होते. हजेरीला ‘हजर’ म्हणताना जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही, तीच मुलगी ओढ्यापलीकडे शेरडं राखणाऱ्या भावाला बांधावरून हाक मारते तेव्हा डोंगराला ऐकू जाते. आवाज तिच्याजवळ आहेच. लोकांची नजर अंगावर आली की तो आत जातो. म्हणून दोघीदोघींना समोरासमोर उभं करायचं, मध्ये वीस पावलं अंतर ठेवायचं आणि सकाळपासून काय काय केलं ते एकमेकींना सांगायला लावायचं. मग तीस पावलं, मग चाळीस. किंचाळायचं नाही, हाक मारायची. हाक मारताना श्वास आपोआप पोटातून येतो, तो शिकवावा लागत नाही. पहिले तीन आठवडे स्टेज नाही, टाळ्या नाहीत, परीक्षक तर नाहीतच.

विषय तिचा हवा, यावर मी हटून बसते. मुलींना मी मुक्ताबाईची गोष्ट सांगते. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेत शिकणारी ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिने लिहिलं ते स्वतःच्या समाजाच्या हालांबद्दल, रोज डोळ्यांसमोर दिसत होतं ते. हे ऐकल्यावर मुली आपला विषय शोधायला लागतात. एकीने पाळीच्या दिवसांत कॉलेजच्या संडासात पाणी नसतं यावर बोलायचं ठरवलं. दुसरीचं पहिलं वाक्य होतं, ‘काल सव्वापाचची एसटी आमच्या फाट्यावर थांबलीच नाही.’ पास फुकट आहे, पण गाडीच थांबत नाही तर त्याचा उपयोग काय, असं ती कागदाकडे न बघता पाच मिनिटं बोलली. हातात चिठ्ठी होती, तिच्यावर तीनच शब्द: फाटा, अंधार, पास.

भाषेचं काय, असं नवीन शिक्षक हमखास विचारतात. ‘पानी’ म्हणाली तर ‘पाणी’ करायचं का? माझं मत स्पष्ट आहे: पहिले सहा महिने अजिबात नाही. बोलताना मध्येच ‘न’चा ‘ण’ केला की मुलगी मुद्दा विसरते आणि पुढच्या प्रत्येक शब्दाला घाबरते. स्पर्धेला जायचं असेल तर मोठ्याने वाचन करून उच्चार नंतर सुधारता येतात.

माईकची सवय वेगळी करून घ्या. मंडपवाला स्टँड पुढाऱ्यांच्या उंचीला लावून जातो आणि मुलगी टाचा उंचावून बोलते. स्क्रू सैल करून माईक स्वतः खाली घ्यायला तिला शिकवा, सगळ्यांसमोर, घाई न करता. तोंडापासून साधारण वीतभर अंतर. स्पीकरमधून आपलाच आवाज पहिल्यांदा ऐकला की मुली दचकतात, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एकदा तरी बोलून बघू द्या.

घरच्यांना आधी भेटा. सराव शेवटच्या गाडीच्या आत संपवा. आईला एकदा बोलावून मागे बसवा. ‘पोरीच्या जातीनं चारचौघांत कशाला बोलायचं’ म्हणणाऱ्या दोन आया पुढे स्वतःच सरावाला येऊन बसायला लागल्या.

आणि मग ग्रामसभा. माझ्या मते वक्तृत्व स्पर्धेपेक्षा ही मोठी शाळा आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, तरी कित्येक गावांत सरपंचबाई खुर्चीत आणि बोलायला त्यांचे मालक, हे आपण बघतोच. मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक बाई ग्रामसभेची सभासद असते. म्हणून मुलीला अठरा पूर्ण झाली की पहिलं काम यादीत नाव घालण्याचं. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. पहिला प्रश्न तिथे विचारायला लावा, तिथे ओळखीच्या बायका असतात आणि धीर येतो.

एसटीवर बोललेली ती मुलगी अठरा पूर्ण झाल्यावर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभी राहिली. मी मागे उभी होते, माझेच हात गार पडले होते. कुणीतरी म्हणालं, ‘बस गं, नंतर बघू.’ ती बसली नाही. फाट्यावर गाडी थांबावी म्हणून आगाराला पत्र द्या, एवढंच तिने मागितलं. ग्रामसेवकांनी वहीत काहीतरी टिपलं. ती म्हणाली, ‘भाऊसाहेब, काय लिहिलं ते वाचून दाखवा.’ त्यांनी वाचलं. त्यात फाट्याचं नावच नव्हतं. तिने ते घालून घेतलं आणि मग खाली बसली.