स्पॅनिशभाषक जगावर पदवी करताना: काय धरायचं, कुठे घसरतं

हिस्पॅनिक स्टडीज म्हणजे लांबलेला भाषेचा कोर्स, अशी समजूत करून बरेच जण प्रवेश घेतात. भाषा त्यात असतेच. पण गुण मिळतात ते इतिहास, समाज, राजकारण आणि साहित्य स्पॅनिशमधून वाचून त्यावर मुद्देसूद लिहिता आलं तर. कायद्याने किंवा व्यवहाराने स्पॅनिश ही राज्यकारभाराची भाषा असलेले २० देश आहेत: स्पेन, उत्तर-दक्षिण अमेरिका खंडांतले १८ आणि आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनी. प्वेर्तो रिको वेगळा, कारण तो स्वतंत्र देश नाही. एवढ्या पसाऱ्याला ‘स्पॅनिश संस्कृती’ असं एकच लेबल लावून सुरू केलेला निबंध पहिल्या परिच्छेदातच मार खातो.

म्हणून पहिल्या सत्रातच दोन देश धरा आणि शक्यतो दूरदूरचे धरा. एकाच देशावर भर दिला की तिथलं सगळं स्वाभाविक वाटू लागतं. दुसरा शेजारी ठेवला की प्रश्न आपोआप पडतात. एक सोपा सराव १२ ऑक्टोबरचा. कोलंबस १४९२ मध्ये याच तारखेला अमेरिकेत पोचला. स्पेनमध्ये १९८७ च्या कायद्यानुसार हा राष्ट्रीय सण. व्हेनेझुएलात २००२ पासून ‘आदिवासी प्रतिकार दिन’. अर्जेंटिनात पूर्वीचा ‘वंश दिन’ २०१० मध्ये ‘सांस्कृतिक वैविध्याच्या आदराचा दिन’ झाला. त्या दिवसाची तिन्ही देशांतली वृत्तपत्रं काढा, प्रत्येकातला एकेक अग्रलेख वाचा आणि कर्ता कोण, कर्म कोण एवढंच टिपा. ‘शोध लागला’, ‘भेट झाली’, ‘आक्रमण झालं’ यांतलं कोणतं क्रियापद कोण वापरतं, यावर पहिल्या वर्षाचा चांगला निबंध उभा राहतो.

शब्दांची एक वही पहिल्या आठवड्यापासून ठेवा, कारण इथे शब्द चुकला की विचारही चुकतो. ब्राझील लॅटिन अमेरिकेत येतो, हिस्पॅनिक जगात नाही, कारण तिथली भाषा पोर्तुगीज. वसाहतकाळातला ‘क्रिओयो’ म्हणजे अमेरिकेत जन्मलेला स्पॅनिश वंशाचा माणूस. स्पॅनिश-आदिवासी मिश्र वंशाचा तो ‘मेस्तिसो’. ‘इंदिओ’ हा शब्द आज अनेक ठिकाणी शिवीसारखा लागतो, तिथे ‘इंदिहेना’ (आदिवासी) किंवा ‘पुएब्लोस ओरिहिनारिओस’ (मूळ लोकसमूह) लिहा. आणि स्पॅनिशखेरीजच्या भाषा तळटीपेत ढकलू नका. पराग्वेच्या १९९२ च्या संविधानाने ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीचा दर्जा दिला. बोलिव्हियाच्या २००९ च्या संविधानात स्पॅनिशसोबत ३६ आदिवासी भाषा अधिकृत आहेत. कातालान, बास्क आणि गालिसियन तर खुद्द स्पेनमधल्या.

भाषेकडे येऊ. मराठी येणाऱ्याच्या हातात इथे तयार हत्यारं असतात, पण बहुतेक जण इंग्रजी व्याकरणाच्या वाटेने जातात आणि उगाच अडतात. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे सरळ ‘मला कॉफी आवडते’: कॉफी कर्ता, मी चतुर्थीत. ‘फुए’ आणि ‘इबा’ यांतला फरक बराचसा ‘गेला’ आणि ‘जायचा’ यांतला. ज्या सबजंक्टिव्हला, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या क्रियारूपाला, सगळे घाबरतात तो ‘किएरो के वेंगास’मध्ये आपल्या ‘तू यावंस असं मला वाटतं’ यातल्या ‘यावंस’च्या जागी बसतो. ही जोडी सगळीकडे जुळत नाही, पण कान तयार व्हायला पुरते. उच्चारात त आणि द दंत्यच ठेवा, ट-ड नको. खरी अडचण ‘सेर’ आणि ‘एस्तार’ची, कारण दोन्हींसाठी आपल्याकडे एकच ‘आहे’. ‘सेर’चं ‘एस’ घेतलं तर ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो माणूस कंटाळवाणा आहे. ‘एस्तार’चं ‘एस्ता’ घेतलं तर ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळला आहे. अशा विशेषणांच्या जोड्या वाक्यांसकट पाठ करा, नियम पाठ करून भागत नाही.

कोणत्या देशाची स्पॅनिश बोलायची ते ठरवा आणि तीच धरून राहा. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘वोस’ येतं, त्याची वर्तमानकाळातली रूपंही वेगळी. अनेकांना उद्देशून ‘तुम्ही’ म्हणताना ‘वोसोत्रोस’ स्पेनमध्ये रोजचं. अमेरिका खंडांत सगळीकडे त्याजागी ‘उस्तेदेस’. स्पेनमध्ये बस ‘कोहेर’ करतात, म्हणजे पकडतात. मेक्सिकोत आणि अर्जेंटिनात तेच क्रियापद अश्लील आहे, तिथे ‘तोमार’ म्हणा. (ही चूक प्रत्येक तुकडीत कोणीतरी करतंच.) डेले ही स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची परीक्षा देणार असाल तर गुणांची मांडणी आधी पाहा (सर्वांत वरची सी२ पातळी सोडून): वाचन-लेखनाचा एक गट, श्रवण-संभाषणाचा दुसरा, प्रत्येकी ५० गुण आणि प्रत्येकात किमान ३० हवेत. वाचन-लेखनात ४८ मिळवून श्रवण-संभाषणात आपटलेले नापासच होतात.

वाचनासाठी रोज दहा पानं पुरेत, पण खाडा नको. पानामागे पाचच शब्द शोधा, बाकीचे संदर्भाने जाऊ द्या. प्रत्येक शब्दाला थांबणारा विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात भाषांतर वाचू लागतो. संशोधन लेखांसाठी दियालनेत, रेदालिक आणि सायेलो या ऑनलाइन लेखसूची. वसाहतकाळाच्या मूळ कागदपत्रांसाठी पारेस हे स्पेनच्या सरकारी अभिलेखागारांचं फुकट पोर्टल. सेव्हियातल्या आर्चिवो हेनेराल दे इंदियास या वसाहतींच्या कागदपत्रांच्या अभिलेखागाराचे पुष्कळ दस्तऐवज तिथे घरबसल्या पाहता येतात.

जुन्या कागदांत ठरावीक सापळे असतात. तारखेत आठाचा आकडा आणि पुढे ‘ब्रे’ असेल तर तो ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर. ‘७ब्रे’ म्हणजे सप्टेंबर. आकडा त्या संख्येच्या लॅटिन नावासाठी वापरलेला असतो, महिन्याच्या क्रमांकासाठी नाही. यू आणि व्ही एकमेकांच्या जागी येतात, ‘दिचो’ (उपरोक्त) सारखे शब्द दोन-तीन अक्षरांत आटपलेले असतात. आधी अठराव्या शतकातलं वळण वाचायला शिका. सोळाव्या शतकाची भरभर, अक्षरं जोडून लिहिलेली लिपी पहिल्याच दिवशी हातात घेऊ नका. १९९४ पूर्वीच्या शब्दकोशात ‘च’ने (सीएच) सुरू होणारे शब्द ‘सी’ अक्षराचे सगळे शब्द संपल्यावर मिळतील.

संदर्भसूचीत आडनावं बघून लावा. स्पॅनिश माणसाला दोन आडनावं असतात आणि नोंद पहिल्यावर होते: स्पेनचे माजी पंतप्रधान होसे लुईस रोद्रिगेस सापातेरो बातम्यांत ‘सापातेरो’ असले तरी ग्रंथालयात ‘रोद्रिगेस’खाली सापडतील. आकड्यांत ‘बियोन’ दिसला तर तो इंग्रजीतला बिलियन नाही. एकावर बारा शून्यं, म्हणजे एक लाख कोटी. अर्थव्यवस्थेवरच्या निबंधात ही चूक म्हणजे हजारपटीचा घोळ.

परीक्षेत ‘कोमेंतारिओ दे तेक्स्तो’, म्हणजे दिलेल्या उताऱ्याचं विवेचन, बहुधा असतोच: उतारा कुठला-कधीचा, विषय, रचना, भाषेचं विश्लेषण, निष्कर्ष. इथे गुण जातात ते उतारा आपल्या शब्दांत पुन्हा सांगितल्यामुळे. प्रत्येक विधानाखाली ओळ क्रमांक टाकायची सवय लावा. ओळ देता येत नसेल तर ते वाक्य बहुधा नुसता सारांश आहे.

परदेशी सत्र घ्यायचं असेल तर दोन गोष्टी अर्ज करण्याआधी बघा. चिली आणि अर्जेंटिनात वर्ष मार्चच्या आसपास सुरू होतं, स्पेनमध्ये सप्टेंबरात. ऑगस्टमध्ये चिलीतल्या सांतियागोला पोचाल ते दुसऱ्या सत्राला, आणि ज्या विषयाचा पहिला भाग आधीच होऊन गेला तो घेता येणार नाही. दुसरी गोष्ट गुणांची. स्पेनमध्ये १० पैकी ५ ला पास, चिलीत १ ते ७ ची पट्टी आणि ४ ला पास, पेरूत २० पैकी. चिलीतला ६ हा उत्तम गुण आहे, पण गुणपत्रिका वाचणाऱ्याने तो दहापैकी समजला तर तुम्ही जेमतेम सुटलेले ठरता. म्हणून निघण्यापूर्वीच रूपांतराचा तक्ता आपल्या विभागाकडून लेखी घ्या.