इंजिन ऑइल बघायचं तर आधी जागा सपाट हवी

आमचं घर गोव्यातल्या साखळी या गावात आहे. अंगण सिमेंटचं, आणि त्याला घरापासून गडग्याकडे उतार दिलेला. गोव्यात बहुतेक अंगणांना असा उतार मुद्दाम देतात, नाहीतर पावसाळ्यात पाणी सोप्यात शिरेल. पण आपण त्याच अंगणात लहानाचे मोठे झालेलो असतो, त्यामुळे तो उतार डोळ्याला दिसतच नाही. मी सात-आठ महिने गाडीचं ऑइल याच अंगणात तपासत होते आणि प्रत्येक वेळी चुकीचं वाचत होते.

गाडी २०१२ सालची, लहान, पेट्रोलवरची. रोज साखळीहून वाळपईला शाळेत जाऊन यायचं. गाडी लावायची ती तोंड घराकडे करून, म्हणजे पुढचा भाग वर आणि मागचा खाली. माझ्या गाडीत ऑइलची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, इंजिनाच्या पुढच्या अंगाला आहे. पुढचा भाग वर राहिला की खालच्या भांड्यातलं तेल मागे सरकतं आणि पट्टीला कमी लागतं. मला वाटायचं, तेल कमी झालंय. एका रविवारी २०० मिली ओतलं, पंधरा दिवसांनी पुन्हा २००. त्यानंतर कधीतरी गाडी सर्व्हिसला नेली तेव्हा मेस्त्रींनी पट्टी काढून माझ्यासमोर धरली. "टीचर, तेल वरच्या खुणेच्या अर्धं बोट वर आहे. कोणी घातलं?" मीच घातलं होतं. त्यांनी खालचा बोल्ट सैल करून जास्तीचं तेल काढलं.

जास्त तेलाने काय बिघडतं, हे मी त्यांना तिथेच विचारलं. इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, मिनिटाला हजारो वेळा फिरत असतो. त्याने तेलाला शिवायचं नसतं. तेल वर चढलं की तो ते घुसळतो, ताक घुसळल्यासारखं, आणि तेलात हवेचे बुडबुडे भरतात. बुडबुडे भरलेलं तेल धातूच्या दोन भागांमध्ये टिकून राहत नाही. शिवाय आतला दाब वाढून सीलमधून तेल बाहेर झिरपायला लागतं. म्हणून 'थोडं जास्त असलेलं बरं' हा स्वयंपाकघरातला हिशेब इथे लावू नका.

तेव्हा पहिलं काम जागा शोधायचं. घरातलं स्टीलचं ताट घ्या, गाडी उभी राहते तिथे जमिनीवर ठेवा आणि तळ जेमतेम झाकेल इतकं पाणी ओता. मी हे आमच्या अंगणात केलं तेव्हा गडग्याकडच्या काठाला पाणी चढलं आणि घराकडची बाजू कोरडी राहिली. तेच ताट शाळेच्या पार्किंग शेडमध्ये ठेवलं, तर पाणी सगळीकडे सारखं पसरलं. त्या दिवसापासून माझी ऑइल बघायची जागा म्हणजे शेडचा दुसरा खांब. सपाट जागा जवळ नसेल तर पेट्रोल पंपावर टायरमध्ये हवा भरायला थांबता तिथे बघा. ती जागा बहुधा बरी असते. फेरीबोटीच्या रांगेत रिकामा वेळ असतो म्हणून तिथे बघणारेही मी पाहिलेत. धक्क्याकडे जाणारा रस्ता नदीकडे उतरतच जातो, तिथलं माप धरू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. इंजिन चालू असताना तेल वरच्या भागात, नळ्यांत, फिल्टरमध्ये खेळत असतं. बंद केल्याबरोबर पट्टी काढली तर ते अजून खाली उतरलेलं नसतं, आणि कमी दिसतं. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की गाडी चालवून इंजिन गरम करा, बंद करा आणि काही मिनिटं थांबून मग बघा. काही कंपन्या थंड इंजिनावर बघायला सांगतात. तुमच्या पुस्तिकेत असेल ते पाळा, कारण गरम तेल फुगतं. तीन लिटर तेल साठ अंशांनी तापलं तर शंभर मिलीच्या आसपास फुगतं, आणि पट्टीवर तेवढा फरक सहज दिसतो. मी शाळेत पोचले की गाडी बंद करते, हजेरीपटावर सही करून येते आणि मग बॉनेट उघडते. तोवर दहा मिनिटं होतात. आज गरम, पुढच्या वेळी थंड, असं मात्र करू नका. दोन मापं एकमेकांशी ताडून बघता आली पाहिजेत.

बॉनेट उघडताना पदर, ओढणी, सैल बाही आवरून घ्या. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो. बॉनेट दांडीवर नीट टेकलंय ना, ते हलवून बघा. पावसाळ्यात आणखी एक बघायचं: उंदराने बॅटरीशेजारी सुका पाला, कापसाचे बोळे आणून ठेवले नाहीत ना. आमच्याकडे दोनदा सापडले.

पट्टीची मूठ बहुधा पिवळी किंवा नारिंगी असते, बोट अडकवता येईल अशी कडी. काही ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचीही वेगळी पट्टी असते, तेव्हा पहिल्यांदा पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून बघा. काही महागड्या नव्या गाड्यांत पट्टीच नसते, माप समोरच्या पडद्यावर येतं.

पट्टी बाहेर काढल्यावर जे दिसतं ते वाचायचं नाही. गाडी चालताना तेल नळीच्या भिंतीला उडालेलं असतं आणि पट्टी वर येताना ते पुसून आणते. म्हणून ती पहिल्यांदा फक्त पुसायची. मी बाबांच्या जुन्या पंचाचे तुकडे डिकीत ठेवते. धुऊन धुऊन इतके मऊ झालेत की धागा सुटत नाही. कापसाचा बोळा किंवा गॅरेजमधला सुताचा गुंता वापरू नका, त्याचे तंतू पट्टीला चिकटून आत जातात. पुसली की पट्टी पुन्हा शेवटपर्यंत खाली घाला. मूठ नळीच्या तोंडावर घट्ट बसली पाहिजे. दोन सेकंद थांबा, सरळ वर ओढा, आणि आडवी धरा. टोक वर करून धरलं तर तेल मुठीकडे ओघळतं आणि कमी असलेलं तेल पुरेसं दिसतं.

खालच्या टोकाशी दोन खुणा असतात. कुठे दोन भोकं, कुठे दोन खाचा, कुठे मधला पट्टा चौकटीचौकटीचा, कुठे 'एल' (लो, कमी) आणि 'एफ' (फुल, पूर्ण) ही अक्षरं. तेलाची ओली कड या दोन खुणांच्या मध्ये हवी. पट्टीच्या दोन्ही बाजू बघा. एका बाजूला कड वर दिसली आणि दुसऱ्या बाजूला खाली, तर खालची खरी. वरची नळीला घासून आलेली असते. नवं तेल मधासारखं पारदर्शक असतं, त्याची कड दिसत नाही. अशा वेळी पट्टी उजेडाकडे तिरकी धरा. ओला भाग चकाकतो, कोरडा मळकट दिसतो. तरीही कळलं नाही तर पुसून पुन्हा घाला. मी तीनदा बघते आणि दोनदा सारखं आलं तेच धरते.

कड खालच्या खुणेजवळ असेल तर तेल घालायचं, पण कुठलंही नाही. पुस्तिकेत ग्रेड दिलेला असतो, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३०. त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. मला वाटायचं, गोव्यात कुठला हिवाळा, पहिल्या आकड्याशी आपल्याला काय करायचंय? मेस्त्रींनी समजावलं की सकाळी गाडी सुरू करता तेव्हा तेल पंचवीस-तीस अंशांवर असतं, आणि चालत्या इंजिनाच्या मानाने ते थंडच असतं. त्या थंड तेलाने वरच्या भागापर्यंत किती लवकर पोचायचं, ते पहिला आकडा ठरवतो. म्हणून पुस्तिकेतला ग्रेड सोडू नका.

खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांत एक लिटरच्या आसपास तेल मावतं, लहान गाड्यांत कमीही. माझ्या गाडीत २०० मिली घातलं की कड पाव अंतर वर चढते. नरसाळं लावून एका वेळी तेवढंच ओतायचं, पाच-दहा मिनिटं ते खाली उतरू द्यायचं, आणि पुन्हा बघायचं. वरच्या खुणेच्या जरा खाली आलं की थांबायचं. घाई इथेच नडते. तेल पट्टीच्या नळीतून नाही, वरच्या झाकणातून घालायचं असतं. मी झाकण काढलं की गाडीच्या किल्लीशेजारी ठेवते, म्हणजे ते लावल्याशिवाय किल्ली हातात येत नाही.

आता तेल कसं दिसतं त्याबद्दल. काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही. डिझेल गाडीत नवं तेल थोड्याच दिवसांत काळं होतं, तेल काजळी धरून ठेवतं म्हणून. बोटाच्या चिमटीत चोळून बघा. खरखर लागली तर मेस्त्रींना दाखवा. पेट्रोलचा उग्र वास आला, किंवा काही न घालता तेल वर चढलेलं दिसलं, तरी दाखवा. आताच्या डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर साफ होताना थोडं इंधन तेलात मिसळू शकतं, आणि गाडी सतत जवळच्या फेऱ्यांनाच वापरली तर ते साठत जातं.

गोव्यात पावसाळ्यात घाबरवणारी एक गोष्ट दिसते. तेलाचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखा पिवळट थर असतो. जवळच्या फेऱ्या, दमट हवा; इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ थंड झाकणाला लागून तेलात मिसळते. पट्टीवरचं तेल स्वच्छ असेल आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी जागच्या जागी असेल, तर गाडी एखाद्या दिवशी लांब नेऊन आणा. साखळीहून मडगाव करून आले की माझ्या झाकणावरचा थर जातो. पण पट्टीवरचंच तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं आणि कूलंटही घटत असेल, तर गाडी सुरू करू नका. तिथे कूलंट इंजिन ऑइलमध्ये शिरत असण्याची शक्यता मोठी असते. गॅरेजमधून माणूस बोलवा.

समोरच्या लाल तेलाच्या दिव्यावर भरवसा ठेवून पट्टी न बघणाऱ्यांना कळकळीने सांगायचंय. तो दिवा तेलाचा दाब सांगतो, तेल किती उरलंय ते सांगत नाही. माझा धाकटा भाऊ जुनी गाडी घेऊन बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने येत होता. वळणावर दिवा लागायचा, सरळ रस्त्याला आला की विझायचा. त्याला वाटलं, वायर सैल झालीय. खरं तर तेल इतकं कमी होतं की वळणावर ते एका बाजूला जायचं आणि पंप हवा ओढायचा. केरीला उतरेपर्यंत इंजिन टकटक वाजायला लागलं. रात्री मी पट्टी काढली तेव्हा नुसत्या टोकाला काळा ठिपका होता. इंजिन उघडावं लागलं. तो दिवा चालत्या गाडीत क्षणभर जरी लागला, तर बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, घरी दहा मिनिटांत पोचणार असाल तरीही.

बाबा कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसवर ड्रायव्हर होते. घरच्या स्कूटरचीही ते वही ठेवायचे, तारीख आणि किलोमीटर लिहून. ती सवय मी उशिरा उचलली. माझ्या वहीत चार रकाने आहेत: तारीख, किलोमीटर, पातळी, किती घातलं. पातळी मी रुपयात लिहिते. वरची खूण सोळा आणे, खालची शून्य. दर दुसऱ्या सोमवारी, आणि लांब जायचं असेल तर आदल्या दिवशी. माझी गाडी तीन हजार किलोमीटरमध्ये साधारण चार आणे तेल खाते. जुन्या इंजिनाने थोडं तेल खाणं नवल नाही, पण आपल्या गाडीची भूक किती, हे आपल्याला ठाऊक असावं.

गेल्या नोव्हेंबरात वहीत बारा आण्यांवरून एकदम पाच आण्यांवर नोंद आली, मधलं अंतर अवघं आठशे किलोमीटर. पाच आणे म्हणजे अजून दोन खुणांच्या मध्येच. वही नसती तर मी 'ठीक आहे' म्हणून बॉनेट लावलं असतं. त्या रात्री इंजिनाखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर बांगडीएवढा काळा डाग होता, आणि मधोमध अजून ओला. पुठ्ठ्यासकट गाडी मेस्त्रींकडे नेली. त्यांनी डाग कुठे पडलाय ते बघितलं, खाली वाकून ऑइल फिल्टरच्या कडेवर बोट फिरवलं आणि काळं बोट मला दाखवलं. फिल्टरचं रबर गेलं होतं. नवा फिल्टर बसवला, तेल भरलं, आणि वहीत त्या तारखेपुढे मी लिहिलं: सोळा आणे, फिल्टर बदलला, पुठ्ठा कोरडा.