एरर लॉगमध्ये नुसता 'ई' छापू नका रे

नवीन जॉइन झालं की स्वतःचा कोड कमी लिहायचा असतो आणि दुसऱ्यांचे लॉग जास्त वाचायचे असतात, त्यामुळे पायथनवाल्यांनी हे वाचाच. ट्राय-एक्सेप्ट, लॉग लेव्हल वगैरे माहीत असेलच, ते सोडा.

मला छळलं ते एका ओळीने, एक्सेप्टमध्ये पकडलेला एरर 'ई' या नावात घेऊन नुसता तोच लॉगमध्ये छापणाऱ्या. प्रॉडक्शन लॉगमध्ये रात्रभर एकच: एरर: 'मोबाईल'. बस. कुठल्या फाइलमधून, कुणाचा मोबाईल, त्याला झालं काय, पत्ता नाही. मी आपला नंबर दहा आकडी आहे का, पुढे +91 लागलंय का ते तपासत बसलो आणि निघाला कीएरर! डिक्शनरीत ती कीच नव्हती. कीएररचं स्ट्रिंग केलं की पायथन फक्त कीचं नाव कोट्समध्ये देतो, एरर कुठल्या प्रकारचा ते सांगतच नाही. असिंकआयओचा (पायथनची एकाच वेळी अनेक कामं चालवायची लायब्ररी) टाइमआउट तर त्याहून भारी, त्याचं स्ट्रिंग चक्क रिकामं, म्हणजे लॉगमध्ये 'एरर:' आणि पुढे काहीच नाही. एआयने दिलेला किंवा कुठून तरी उचललेला ट्राय-एक्सेप्ट हमखास असाच असतो, आंधळेपणाने चिकटवू नका.

एक्सेप्टमध्ये लॉगर.एक्सेप्शन वापरा. लेव्हल एररचीच राहते पण खाली आख्खा ट्रेसबॅक येतो, म्हणजे एरर कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीतून कसा आला त्याची यादी. तो लांबलचक दिसला तरी घाबरायचं नाही, आधी शेवटची ओळ वाचा, मग वर सरकत तुमच्या प्रोजेक्टची फाइल जिथे पहिल्यांदा दिसेल तिथे थांबा, बहुतेकदा तिथेच सापडतं. काही सीनियर म्हणतील 'डीबगर लाव', अरे पण रात्री दोनला प्रॉडक्शनवर कसला डीबगर लावणार, कपाळ?

मेसेजचं वाक्य ठरलेलं ठेवा, 'ऑर्डर सेव्ह झाली नाही', आणि बदलणारा आयडी शेवटी, म्हणजे ग्रेप करता येतं (लॉगमध्ये तेच वाक्य शोधता येतं). मेसेजमध्ये आयडीच्या जागी पर्सेंट-एस (%s) ऐवजी पर्सेंट-आर (%r) द्या, कोट्स येतात आणि एक्सेलमधून पेस्ट होताना मागे चिकटलेली स्पेस लगेच दिसते. फक्त पर्सेंट जितके तितक्याच व्हॅल्यू द्या, नाहीतर तुमचा मेसेज लॉग फाइलमध्ये जातच नाही, एसटीडीएररवर (प्रोग्रामच्या एररचं वेगळं आउटपुट) 'लॉगिंग एरर' पडतो आणि तिकडे कोण बघतंय! म्हणून एरर मुद्दाम आणून ती ओळ एकदा चालवून बघाच.

आणि हो, सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतो आणि पायथनच्या नेहमीच्या टाइमस्टॅम्पमध्ये झोन लिहिलेला नसतो. कस्टमर दुपारी 2:10 म्हणाला तर लॉगमध्ये 08:40 शोधा.