ब्रह्मकमळ लावलंय ना, मग आता कुंडीला सारखा हात लावू नका

पावसाळा आला की आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री अकरा वाजता ब्रह्मकमळाचे फोटो सुरू होतात आणि सकाळी सगळ्यांनाच एक पान हवं असतं. पान काय, कोणीही देईल हो, पुढचं थांबणं जमत नाही लोकांना.

हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्या गॅलरीतलं निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलातलं, तिथं ते मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतं, म्हणजे डोक्यावर सावली, मुळांना हवा आणि पाणी साचायचा प्रश्नच नाही. आपल्याला कुंडीत तेच करायचंय.

जून जुलैमध्ये एक जुनं, जाडसर पान घ्या, वीतभर (कोवळं नको, सडतं), खरं तर ते चपटं खोडच असतं म्हणून त्याला मुळं फुटतात. कापलेली बाजू दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि थोडी जाड वाळू, कुंडी लहानच घ्या, मोठ्या कुंडीत ओल राहते आणि मुळं कुजतात. पान दोन इंच खोचा, काडीचा आधार द्या आणि सोडून द्या. मुळं धरायला तीन-चार आठवडे लागतात आणि नेमकं याच काळात लोक पान उपटून बघतात की फुटली का, अहो कशी फुटतील, रोज तर हलवताय!

सकाळचं कोवळं ऊन पुरे. एप्रिल-मेचं नाशिकचं दुपारचं ऊन लागलं की पानं पिवळी पडून भाजतात. थंडीत पाणी अगदी कमी, वरची माती सुकल्याशिवाय नाहीच, आणि पावसाळ्यात संततधार असेल तर कुंडी आत घ्या. मिलीबग म्हणजे कापसासारखी पांढरी कीड दिसली (द्राक्षवाल्यांना सांगायला नको) तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा.

पानापासून फूल यायला साधारण दोन-तीन वर्षं. मधल्या काळात फूल येत नाही म्हणून युरिया टाकू नका, नुसती पानंच वाढतील. मला तर वाटतं या झाडाची निम्मी मशागत म्हणजे आपल्या हाताला आवरणं, करण्यासारखं काही नसताना काही न करणं, आणि ते खत घालण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

पानाच्या कडेला कळी दिसली की कुंडीची जागा बदलायची नाही, पाण्यात एकदम फरक करायचा नाही, कळ्या गळतात. कळी आधी खाली लोंबते, मग देठ वाकून तोंड वर करते, फुगते, तेव्हा समजायचं आज-उद्या. रात्री नऊ-दहाला उमलायला लागते, पहाटे मिटते. जागं राहायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. कोमेजलेलं फूल देठासकट कापा, ज्या पानावर फूल आलं ते मात्र ठेवा, त्याच पानाला पुन्हा कळी येऊ शकते.